मठाची बाग आणि शेजारचा पोपट

माझा उजवा पाय आजवर कधी स्वस्थ बसलेला नाही. खुर्चीत टेकलो की तो आपला आपण हलायला लागतो. आधी टाच, मग गुडघा, मग समोरचं टेबल. वडिलांच्या मागे मला मामांनी वाढवलं, आणि त्यांचं निम्मं आयुष्य "पाय हालवू नोको, घरात दलिंदर येते" एवढं सांगण्यात गेलं. मामा हिवरखेडचे शेतकरी. घरात दारिद्र्य कुठकुठल्या वाटांनी शिरतं याबद्दल त्यांची मतं ठाम होती, आणि माझा पाय त्यांतली हमरस्त्याची वाट होता.

तोंड हलवू नको, असं मात्र मामा कधी म्हणाले नाहीत. म्हणायला हवं होतं. पायानं माझं कधी काही बिघडलं नाही. जे बिघडलं ते सगळं तोंडानं.

महाराष्ट्र होऊन दोनेक वर्षं झाली असतील. मी अकोल्याला एका हायस्कुलात मराठी शिकवत होतो, भाड्याच्या खोलीत राहत होतो आणि संध्याकाळी करमत नाही म्हणून वाचनालयात जाऊन बसत होतो. तिथं एक दिवस कव्हर फाटलेलं एक इंग्रजी पुस्तक हाती लागलं. चित्रं कशी पाहावीत, त्यांतला भाव कसा ओळखावा, कुठली वस्तू कशाचं प्रतीक असते, असं सगळं त्यात होतं. निम्मं पुस्तक मला समजलं नाही, आणि जे समजलं नाही तेच जास्त पटलं. चित्रात जे दिसतं ते महत्त्वाचं नसतं, त्याच्यामागे दुसरंच काहीतरी असतं, एवढं सार मी काढलं आणि त्या दिवसापासून अकोल्यातली एकही भिंत माझ्या तडाख्यातून सुटली नाही.

शाळेसमोरच्या हॉटेलात एक कॅलेंडर होतं. नदीवर पाणी भरायला आलेली बाई, कमरेवर घागर. मी हॉटेलवाल्याला सांगितलं की ही घागर रिकामी आहे, म्हणजे हे मानवी आत्म्याचं रितेपण आहे.

"भरेल हाय," हॉटेलवाला म्हणाला.

"कशावरून?"

"बाई वाकली न एका अंगानं. तुमी चहा घ्या गुरुजी, थंडा होऊन राह्यला."

दुसरा कुणी असता तर तिथंच सावरला असता. मी त्या वाकण्याचाही अर्थ काढला.

अशा अवस्थेत असताना मामांनी माझ्यासाठी अमरावतीची एक मुलगी पाहायचं ठरवलं. मुलीचे वडील जिनिंग फॅक्टरीत वजनकाट्यावर होते, घर राजापेठेच्या बाजूला, मुलगी मॅट्रिक झालेली. फाल्गुन निम्मा सरला होता. अकोल्याहून एस.टी.नं निघालो ते मूर्तिजापूरपर्यंत मामा मला काय बोलायचं ते शिकवत होते, आणि बडनेऱ्यापर्यंत काय बोलायचं नाही ते. चित्रांबद्दल त्यांनी काहीच सांगितलं नाही. त्यांच्या डोक्यातच नव्हतं ते. कुणाच्या असतं?

त्या काळी आमच्याकडे मुलगी पाहायला गेलं की आधी भिंत पाहायची. मुलीच्या हातचं जे काही असेल ते त्या दिवशी भिंतीवर चढायचं. बसल्या बसल्या पाहुण्यांचे डोळे तिथं जावेत आणि मुलगी बाहेर येण्याआधीच तिचे गुण त्यांना कळावेत, अशी ती व्यवस्था होती. या घरची भिंत तर भरगच्च होती. काळ्या मखमलीवर रेशमानं भरलेला, काचेच्या डोळ्याचा हिरवा पोपट. मण्यांचे दोन हंस. लोकरीचं गुलाबाचं फूल. समोरच्या टेबलावर क्रोशाचा पांढराशुभ्र टेबलक्लॉथ. मुलीच्या वडिलांनी सगळ्या भिंतीवरून एकदा हात फिरवला आणि म्हणाले, "हे सारं आमच्या पोरीच्या हातचं."

मामा पोपटापुढे जाऊन उभे राहिले. बैलबाजारात बैलाच्या दातांकडे पाहावं तसं त्यांनी पोपटाकडे पाहिलं. "पोपट बाकी जिता हाय," ते म्हणाले. मुलीची आई आत दाराशी उभी होती, ती सुखावली.

मी मात्र कोपऱ्यातलं चित्र पाहत होतो. साधं पाण्याच्या रंगांतलं, काचेच्या फ्रेममध्ये. एक बाग. संत्र्याची झाडं, त्यांना पिवळी केशरी फळं. एक विहीर. झाडाखाली दगडी ओटा, त्यावर कुणी नाही. मागे दोरीवर वाळत घातलेली दोन काळी लुगडी आणि त्यांच्याही मागे लांबट, बसकी इमारत. या सगळ्याच्या पुढे, चित्राचा जवळजवळ तिसरा हिस्सा व्यापून, एक लाकडी फाटक. काळ्या लुगड्यांवरून मी ओळखलं की हा महानुभावांचा मठ. मोर्शीकडे जाताना असे मठ मी पाहिले होते, आणि काळी वस्त्रं नेसून वाटेनं जाणाऱ्या संन्यासिनी तर वऱ्हाडात कुणी पाहिल्या नाहीत?

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. झाडांच्या सावल्या एका बाजूला पडल्या होत्या आणि ओट्याची सावली बरोबर उलट्या बाजूला. आता हे कुठल्याही शाळकरी पोराला चूक वाटलं असतं. मला ती चूक वाटली नाही. मी पुस्तक वाचलं होतं.

मुलगी बाहेर आली. चहा आणि चिवड्याच्या बशा टेबलावर ठेवून सतरंजीवर बसली. मामांनी नेहमीचे प्रश्न विचारले. स्वयंपाक येते का? येते. शिवणं? येते. गाणं?

"येते," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "पण चांगलं नाही येत."

खरं सांगतो, त्या वाक्यावर मी भाळलो. मुली पाहायच्या त्या दिवसांत 'चांगलं नाही येत' असं म्हणणारी मुलगी मी पहिल्यांदाच पाहत होतो. मी मान वर करून नीट पाहिलं तर ती माझ्या पायाकडे पाहत होती. पाय अर्थातच हलत होता. तिच्या ओठांवर काहीतरी आलं आणि तिनं ते आवरलं. मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं की लग्न करीन तर हिच्याशी.

ठरलं होतं तर गप्प बसायचं ना! चिवडा खायचा, पाणी प्यायचं, मामांना खूण करायची. पण मुलीचे वडील सहज म्हणाले, "गुरुजी, तुमाले काही विचारायचं असन तं विचारा." आणि मला वाटलं, ही वेळ आपण कोण आहोत ते दाखवायची आहे.

मी उठलो, चित्रापाशी गेलो आणि सुरू झालो. या चित्रात, मी म्हणालो, एक परम शांती आहे. ओटा रिकामा आहे, कारण बसणाऱ्याचा अहंकार गळून पडला आहे. फळं पिकली आहेत, पण त्यांना कुणी हात लावत नाही; विषयांबद्दलची उदासीनता ती हीच. हे फाटक बंद आहे. संसार बाहेर राहिला आणि मन आत वळलं. आणि या सावल्या पाहा! सूर्य एक असता तर सावल्या एकाच बाजूला पडल्या असत्या. इथं प्रकाश बाहेरून येतच नाही, तो आतून येतो आहे. ज्या हातानं हे चित्र काढलं त्या हाताच्या धन्याला, मी हात पसरून म्हणालो, या संसारात रस उरलेला नाही.

खोलीत एकदम सामसूम झाली. मला वाटलं, लोक भारावले.

मुलीनं तोंड उघडलं. "ते तसं नाही," एवढं ती म्हणाली असेल नसेल, तोच तिच्या आईनं आतून हाक मारली, "पोरी, कप घेऊन ये अंदर." आवाज चमत्कारिक होता. मुलगी कप उचलून आत गेली ती परत बाहेर आली नाही. तिचे वडील खोकले. मामांनी त्यांना हळूच विचारलं, "हा मठ कुठचा म्हनाचा?" वडील सरळ माणूस, त्यांनी सांगून टाकलं, "मोर्शीकडचा. माही लहान बहीण तिथंच राह्यते. संन्यास घेतला तिनं, झाले सात आठ वर्षं."

परतीच्या एस.टी.त मामा खिडकीबाहेर पाहत बसले. बडनेरा गेलं तरी बोलेनात. शेवटी मीच म्हणालो, "मामा, पोरगी चांगली आहे."

"असन."

"मग होकार कळवायचा ना?"

मामा माझ्याकडे वळले. "बाप्पा, तूच तं सांगतलं का तिचं संसारात मन नाही म्हनून! आत्या मठात, चित्र मठाचं, अन् तू साऱ्याईसमोर सांगतलं का पोरीचं मनबी तिथंच हाय. आता काय तिची दीक्षाच पाहाची राह्यली? लगन झाल्यावर उद्या ते काळं लुगडं नेसून चालली गेली तं मी तुह्या मायले काय सांगू?"

"अहो, तो चित्राचा अर्थ होता!"

"मंग अर्थ खोटा व्हता का?"

खोटा होता म्हणावं तर माझं ज्ञान जातं, खरा होता म्हणावं तर मुलगी जाते. मी पाय हलवत बसलो. मामांनी त्या दिवशी पायालाही काही म्हटलं नाही, यावरून प्रकरण किती हाताबाहेर गेलं होतं ते समजा.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते मलाच माहीत. खोलीत बसवेना म्हणून बाहेर जायचं, बाहेर फिरवेना म्हणून खोलीत यायचं. ताजना पेठेतून निघालो की स्टेशन, स्टेशनावरून परत, परतताना आठवायचं की स्टेशनावर आपलं काहीच काम नव्हतं. वर्गात कविता शिकवताना एका ओळीचा अर्थ सांगायला तोंड उघडलं आणि भीती वाटली. न जाणो, कुणाचं काय मोडेल! मी पोरांना म्हणालो, "पुढची ओळ घ्या." पोरं खूश झाली. हॉटेलातल्या कॅलेंडरकडे पाठ करून बसू लागलो.

त्यात आणखी एक बातमी आली. सोयरीक जुळवणारे जे गृहस्थ होते त्यांनी सांगितलं की अमरावतीत ही गोष्ट पसरली आहे. अकोल्याचे एक विद्वान मास्तर येऊन गेले, त्यांनी चित्र पाहून सांगितलं की पोरगी आत्याच्या वाटेनं जाणार. परतवाड्याचं एक स्थळ पाहायला येणार होतं, ते आलंच नाही. "तुमाले करायचं नव्हतं तं नव्हतं," ते मला म्हणाले, "पण दुसऱ्याईचा रस्ता काहून बंद केला, गुरुजी?"

विद्वान ही पदवी मला आयुष्यात त्या एकदाच मिळाली.

आता फक्त माझं लग्न राहिलं नव्हतं. माझ्या चार वाक्यांनी एका मुलीला घरात बसवून ठेवलं होतं. मी सुट्टी टाकून हिवरखेडला गेलो आणि मामांच्या मागे लागलो की पुन्हा अमरावतीला जाऊ. मामांना हे समजेचना. एकदा पाहिलेली मुलगी दुसऱ्यांदा पाहायला कुणी जात नसे. होकार तरी द्यायचा, नाही तर गप्प तरी बसायचं. "दुसऱ्यांदा कायले जाचं? काय राह्यलं पाहाचं?"

"चित्र," मी म्हणालो.

मामांनी आभाळाकडे पाहिलं. पण मी दोन दिवस त्यांच्या ओसरीवर अशा काही येरझारा घातल्या की मामीच म्हणाली, "घेऊन जा याले. नाही तं जमीन खचन."

गेलो. भिंत तशीच होती. पोपट, हंस, गुलाब, सगळं जागच्या जागी. मुलीच्या वडिलांनी या बसा केलं, पण चेहऱ्यावर धसका. आता हा मास्तर आणखी काय सांगतो! मुलगी चहा ठेवून सतरंजीवर बसली. या खेपेला माझ्या पायाकडेही तिनं पाहिलं नाही. मी रस्ताभर तयारी केली होती. उभा राहिलो आणि घसा साफ केला.

"मागच्या वेळी माझ्याकडून घाई झाली. आज नीट पाहता असं दिसतं की ओटा रिकामा आहे, म्हणजे तो कुणाची तरी वाट पाहत आहे. फळं पिकली आहेत, ती समृद्धी आहे. भरल्या घराची खूण. आणि हे फाटक अर्धवट उघडं आहे. कुणीतरी यावं म्हणून उघडं ठेवलेलं आहे."

"गेल्या खेपेले तं बंद व्हतं," मामा म्हणाले.

"फट आहे मामा. ही पाहा, फटीतून रस्ता दिसतो."

"अन् तो परकाश?"

"कुठला प्रकाश?"

"अंदरून येत व्हता ना."

मी गडबडलो. मामांचा दोष नव्हता. ते ज्याच्याकडून काही विकत घेत त्याचे मागचे पुढचे सगळे बोल लक्षात ठेवत. आणि नेमक्या त्या वेळी मुलीची आई पदर सावरत बाहेर आली. इतके दिवस तिच्या मनात जे खदखदत होतं ते तिनं एका दमात बाहेर काढलं.

"मी काय म्हन्ते, ते चित्र आमच्या पोरीचं नाहीच. शेजारच्या बाईकडून मांगून आनलं व्हतं. भित रिकामी दिसे म्हनून टांगलं. बाकी सारं तिच्या हातचं हाय. हा पोपट तिचा. हे हंस तिचे. चित्राचं काही धरू नोका तुमी मनात."

मी मुलीकडे पाहिलं नाही. मला एवढं हायसं वाटलं की कुणाकडेच पाहावंसं वाटलं नाही. चित्र तिचं नाही! म्हणजे माझा अर्थही खरा, मुलगीही संसारी, मामाही राजी. मामांचा चेहरा खरोखरच सैल झाला होता. "मंग असं सांगा ना! पोपट मले पयलेच पसंत व्हता."

एखादा शहाणा माणूस इथं खाली बसला असता. मी पोपटाकडे वळलो.

"पाहा," मी म्हणालो, "या पोपटाकडे पाहा! हा हिरवा रंग. केवढी जगण्याची ओढ आहे यात! त्याची चोच थोडी उघडी आहे, म्हणजे त्याला घरातल्या माणसांशी बोलायचं आहे. आणि त्याचा तो डोळा! या डोळ्यात घर आहे, मुलंबाळं आहेत, सणवार आहेत. ज्या हातानं हा डोळा बसवला—"

"तो डोळा शेजारच्या काकूनं बसवला," मुलगी म्हणाली.

मी थांबलो. पोपटाकडे दाखवणारा हात तसाच हवेत राहिला.

"पोपट काकूचा आहे. हंस बी काकूचे. टेबलक्लॉथ बी. आतापर्यंत तीन घरी मुलगी पाहायच्या वेळी गेला तो पोपट. या भिंतीवर माझं एकच आहे, ते चित्र. तेवढंच आई म्हणते का माझं नाही."

"पोरी," आई म्हणाली, "चूप बैस."

"बसले व्हते ना चूप! गेल्या खेपेले बी बसले. यांनी सांगतलं का मले संसार नको, सारं गाव म्हणून राह्यलं का मले संसार नको. आज हे म्हणतात मी वाट पाहून राह्यले. उद्या आणखी काही म्हणतील. मले कोणी विचारलं का?"

तिचे वडील जमिनीकडे पाहत होते. मामा एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहत होते. खरं तर स्थळ तिथंच मोडलं होतं. पाहुण्यांसमोर आईला खोटं पाडणारी मुलगी कोण करून घेणार? हे तिलाही ठाऊक असणार, आणि तरी चित्र तिनं सोडलं नव्हतं. मी हात खाली घेतला. एवढ्या सगळ्या दिवसांत मला जो एक प्रश्न सुचला नव्हता तो आता विचारण्याशिवाय दुसरं काही उरलं नव्हतं.

"मग काय आहे ते चित्र?"

ती चित्राकडे न पाहता सांगू लागली.

आत्या तिच्या फार जवळची. मुलगी तिच्याच हाताखाली वाढलेली. आत्या मठात गेल्यावर पुढच्या वर्षी वडील हिला भेटायला घेऊन गेले. सकाळी पोचले. वडील महंतांशी बोलायला आत गेले आणि हिला ओट्यावर बसवून गेले. जाताना घरून आईनं सोबत दिलेलं एक गाठोडं हिच्याजवळ ठेवलं. त्यात आत्यासाठी लुगडं होतं, पण ते हिला कुणी सांगितलं नव्हतं. हिला वाटलं, यात आपले कपडे आहेत.

"मले वाटलं, मले इथं ठेवायले आणलं," ती म्हणाली. "आत्याले बी असंच एक दिवस आणलं अन् मंग ते परत आली नाही. मी ओट्यावर बसे अन् उठे. बसे अन् उठे. तिथल्या बायांनी संत्री दिली, मी खाल्ली नाही. खाल्ली तं राहा लागन, असं वाटे. फाटक उघडं आहे का ते पाहून येत होती घडीघडी. तेच आठवते मले, म्हणून मोठं निघालं. झाडाच्या सावल्या सकाळच्या आहेत. ओट्याची संध्याकाळची आहे. दिवसभर होती ना मी तिथं."

मग ती आणखी एक वाक्य म्हणाली, आणि ते वडिलांना उद्देशून होतं. "आत्या तिथं बरी होती. हासून बोलली माझ्याशी. वाईट काही नव्हतं तिथं. पण मले पळून जावं वाटत होतं."

तिच्या वडिलांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. "तू मले कधी बोलली नाही," ते म्हणाले.

"तुमी आतच होते."

मी चित्राकडे पाहिलं. तोच ओटा, तीच फळं, तीच काळी लुगडी. आणि शांती म्हणून जिच्यावर मी प्रवचन झोडलं होतं त्या बागेत एक पानसुद्धा स्वस्थ नव्हतं. झाडं जरा वाकडी होती, कारण ज्या हातानं ती काढली तो उठायच्या बेतात होता. असा अर्थ पुन्हा माझ्या तोंडाशी आला आणि मी तो गिळला. आयुष्यात पहिल्यांदा.

मामांनी विचारलं, "मंग बाई, आता तुले बसायले कशी जागा पाह्यजे?" त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. खरंच विचारत होते.

"जिथून उठता येईन अशी," ती म्हणाली.

यावर मी काय करावं? मला तिला सांगायचं होतं की माझ्या घरी सगळ्या जागा तशाच आहेत, मी स्वतः दोन मिनिटं एका जागी बसत नाही, इथं उठण्याबसण्याला कुणाची आडकाठी नाही. पण बोलायची आता भीती. म्हणून ते करूनच दाखवावं अशा काही विचारानं मी आधी खुर्चीत बसलो आणि मग ताडकन उठलो. उजवा पाय हलत होताच. तो टेबलक्लॉथच्या झालरीत अडकला. पुढचं सगळं फार लवकर झालं. चहाचे कप, चिवड्याच्या बशा आणि शेजारच्या काकूंचा पांढराशुभ्र क्रोशा, सगळं माझ्यासोबत सतरंजीवर आलं.

"दलिंदर," मामा शांतपणे म्हणाले. "आलं शेवटी."

मुलीनं तोंडावर पदर घेतला. खांदे हलत होते. आधी मला वाटलं रडते आहे. मग आवाज फुटला. तिची आई "अवो माय, काकूचा क्लॉथ" म्हणत धावली आणि वाकून कप गोळा करता करता तीही हसायला लागली, आणि हसता हसता मध्येच तिनं लेकीच्या पाठीवर हात ठेवला. तो हात तिनं बराच वेळ काढला नाही.

आम्ही ओल्या पायजम्यानं निघालो. म्हणजे मी ओल्या पायजम्यानं आणि मामा कोरड्या धोतरानं. एस.टी. स्टँड गाठलं. गाडी लागली होती, पण ड्रायव्हरचा पत्ता नव्हता. मी गाडीभोवती दोन चकरा मारल्या, तिसरी मारत होतो तेव्हा मुलीचे वडील सायकल हाणत येताना दिसले. घामानं डबडबलेले. सायकल उभी करायचीही त्यांनी तसदी घेतली नाही. हँडल धरूनच मामांपुढे उभे राहिले.

"तुमचं काय मत हाय ते मले मालूम नाही," ते म्हणाले. "पण पोरीनं सांगाले पाठवलं. ते हो म्हन्ते."

मामा माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांना म्हणाले, "पोपट आमाले पसंत व्हता. पण तो तुमचा नाही म्हन्ता. आता जे तुमचं हाय तेच द्या."

"एक अट हाय म्हन्ते पण," वडील जरा ओशाळून माझ्याकडे वळले. "चित्राबद्दल तुमी एक शब्द बोलाचा नाही. कधीच. तिच्यासमोर नाही, अन् दुसऱ्याईसमोरबी नाही."

मी तिथं, एस.टी. स्टँडवर, उजवा पाय हलवत, कबूल केलं.

चित्र तिच्याबरोबर अकोल्याला आलं. ते दाराशेजारी लावायचं, जिथं बसलेल्या माणसाला दिसत नाही आणि उठलेल्याला दिसतं, हे तिनंच ठरवलं. पाहुणे येत, चित्र पाहत, कुणी म्हणे किती शांत वाटतं, कुणी म्हणे किती उदास. मी पाणी आणायला आत जात असे. ती तिथंच उभी राहून ऐकत असे आणि माझ्याकडे पाहत असे, आता हा बोलतो की काय म्हणून. एकदाही बोललो नाही. शब्द पाळला.

लिहिण्याबद्दल त्या दिवशी कुणी काही बोललं नव्हतं.